डावरीच्या रेघा

३ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी आलेलं पत्र आणि त्यात ओळी चार. वर्षाला एक पडली. 'बाबांच्या वर्कशॉपमध्ये मी अठरा वर्षं लेथवर काम केल्याचा दाखला हवा आहे. मालक म्हणून तुझी सही लागेल. पंचवीस जूनच्या आत तंत्रशाळेत पोचला पाहिजे. आईची काळजी घे.' माझी कोणी घ्यायची ते लिहिलं नाहीस. विजेचं बिल पाठवणारेसुद्धा वर 'प्रिय ग्राहक' म्हणतात.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

तर तंत्रशाळेत लेथ शिकवायला आता बाई चालणार. अठरा-अठरा वर्षांच्या पोरांमध्ये बसून तू बाहेरून परीक्षा दिलीस तीही धरणार, फक्त अनुभवाचा दाखला पाहिजे. ज्या शाळेनं तुला 'मुलींसाठी बाथरूम नाही' एवढं सांगून दारातून परत पाठवलं होतं, तीच ही शाळा. मला सगळं पाठ झालंय, कारण आई दोन दिवस तेच बोलते आहे. शेजारणीला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. मी त्याच शाळेतून मेडल घेऊन आलो होतो तेव्हा ती 'आधी हातपाय धू' म्हणाली होती. बक्षीस मिळालेलं ते ड्रॉइंग अजून बैठकीच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे. तुला आठवत असेलच.

तुला घेतलं नाही यात माझा काय दोष होता, हे मला आजवर कळलेलं नाही. मला बाबांनी तंत्रशाळेत घातलं, मी गेलो. तुला शिवणवर्गात घातलं, तू गेलीस. सतरा वर्षांच्या पोराला कोण विचारतं?

दाखला देऊ की. पण त्यावर वर्कशॉपचा शिक्का लागेल आणि तो कुठे पडलाय देव जाणे. शिवाय नोंदवही बघावी लागेल. वहीत जे असेल तेच लिहिता येतं. मला सध्या कंपनीत मान वर करायला सवड नाही. बघतो.

तुझा भाऊ

---

९ जून

ताई,

शिक्का खिडकीखालच्या कपाटात, तिसऱ्या खणात, खडूच्या डब्यात, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. तू लिहिलंस तिथेच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हण, तुझा हक्क आहे. दर रविवारी त्या खोलीचं कुलूप काढणारा मी, आणि शिक्का कुठे आहे ते ठाऊक तुला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

खोली आता रिकामी आहे. तुझा लेथ होता तिथे फरशीत बोल्टांची चार भोकं राहिली आहेत. तेलाचा डाग घासून निघत नाही. हो, विकला. बाबा गेल्यावर तीन महिन्यांत आणि तुला न विचारता विकला, आणि सकाळी डबा घेऊन तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी खिळे मोजत बसल्याचं सोंग केलं. ते उगाळायला मी लिहीत नाही. एवढंच सांगतो, घ्यायला आलेला माणूस तिन्ही लेथांवरून हात फिरवत तुझ्या लेथपाशी थांबला आणि म्हणाला, "हा कोणीतरी राखलेला दिसतो." पहिला तोच गेला.

तू म्हणशील, तेव्हापासून मी तुझ्यावर जळतो. चूक. मी त्याच्या कितीतरी आधीपासून जळतो.

बाबांची सवय आठवते? आपण लेथवर कातलेला जॉब ते हातात घ्यायचे. माझा घेतला की चष्म्यातून बघून म्हणायचे, "छान." पाहुण्यांच्या पोरानं कविता म्हणून दाखवली की म्हणतात तसं. तुझा घेतला की त्यावर अंगठा फिरवायचे, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि काही न बोलता गिऱ्हाइकाच्या पेटीत ठेवायचे. तुला वाटायचं बाबा कौतुक करत नाहीत. एकदा तू त्यावरून रडलीही होतीस, मी समजूत घालायला आलो होतो. तुला कसं कळलं नाही गं? मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या एका न बोलण्यासाठी मी माझी सगळी 'छान' देऊन टाकली असती.

घरची खबर म्हणजे तुझ्या भाचीला शाळेत पुढच्या वर्षाचा विषय निवडायचा आहे. याद्या आधीच छापलेल्या आहेत. मुलींच्या यादीवर शिवण, मुलांच्या यादीवर वर्कशॉप. हिला वर्कशॉप हवं आहे. त्यासाठी पालकानं वेगळा अर्ज सही करून द्यायचा. मी म्हटलं, शिवण घे, मुलीच्या जातीला कधीही उपयोगी पडतं. तर म्हणते, "आत्यानं घेतलं होतं ना शिवण? मग ती वर्कशॉपमध्ये काय करत होती?" जीभ तुझी घेतली आहे.

दाखल्याचं लक्षात आहे. शिक्क्याची शाई वाळली आहे, नवी आणायला हवी.

तुझा भाऊ

---

१४ जून

ताई,

कळलं तर तुला. 'तू पण अर्ज केलास का?' एवढं एकच वाक्य लिहायला पाकीट कशाला वाया घालवलंस?

केला. तुझं कार्ड येण्याच्या आठ दिवस आधी केला. माझ्याकडे तिथलंच सर्टिफिकेट आहे, मेडल आहे, सुपरवायझरची नोकरी आहे. मी अर्ज करायचा नाही तर कोणी करायचा?

चोराच्या मनात चांदणं, म्हणशील. पण माझीही बाजू ऐक. कंपनीत नवी मशिनं आली आहेत, कॉम्प्युटरचे पडदे लावलेली. पंचवीस वर्षांची पोरं त्यांच्यापुढे उभी राहतात आणि मी वही घेऊन त्यांच्या मागून फिरतो. उंटावरून शेळ्या हाकतो. पुढच्या वर्षी सुपरवायझर निम्मे करणार आहेत. शाळेतले लेथ जुने आहेत, आपल्याकडे होते तसलेच. मला तिथे जागा आहे, ताई. मला दुसरीकडे कुठेच नाही.

तुला काय कमी आहे? शिवणाच्या कारखान्यात पक्की नोकरी आहे. चाळीस बायका शिवतात आणि मशीन दुरुस्त करायला एक बुवा, असं आई सांगत होती. मशीन अडलं की हात वर करून त्याची वाट बघत बसायचं. तू बसली नाहीस, केसातली पिन काढून आपलं आपण दुरुस्त केलंस आणि 'कामाची मर्यादा ओलांडली' म्हणून लेखी समज घेतलीस. आईनं हे अभिमानानं सांगितलं. मी म्हटलं, बसायचं असतं गप्प. सगळ्या बसतात. तुझ्या हातालाच काय खाज असते?

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तू मोठी आहेस. आजवर मोठेपणानं बरंच सोडलंस, हे एक सोड.

दाखला सोबत आहे. शिक्क्यासकट. नोंदवहीत आहे तेच लिहिलं आहे: 'साफसफाई व मदतनीस, अठरा वर्षे.' त्यात खोटं एक अक्षर नाही. वही उघडून बघ म्हटलं तर दाखवीन.

भाऊ

---

१९ जून

ताई,

तुझं उत्तर नाही. येणारही नाही, मला माहीत आहे. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

परवा रविवार. तुझी भाची बैठकीत स्टुलावर चढून माझ्या फ्रेमपुढे नाक लावून उभी होती. शाळेत ड्रॉइंग सुरू झालंय, म्हणून सराव. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हटलं, बघ, बापाचं काम बघ. आडवा कापलेला पंपाचा व्हॉल्व्ह, एका रेघेत खोट नाही.

ती म्हणाली, "बाबा, तुमच्या तिरक्या रेघा डावीकडे का कलतात?"

मी विचारलं, कुठल्या?

"ह्या. भाग कापलेला दाखवायला मारतात त्या. सगळ्यांच्या उजवीकडे कलतात."

मी म्हटलं, शेजारी दुसरा भाग असला की त्याच्या रेघा उलट्या मारायच्या असतात, शिकवलं नाही का अजून?

"शेजारी दुसरा भाग आहे कुठे? एकच तर आहे." मग म्हणाली, "आत्याच्या रेघा अशा पडतात. मी लहान असताना सुट्टीत शिकवायची तेव्हा ती सांगायची, माझं बघून काढू नकोस, मी डावरी आहे, तुझा गुण्या उलटा बसेल."

एवढं बोलून ती स्टुलावरून उतरली आणि माझ्याकडे बघत राहिली. पंधरा वर्षांची आहे. ओरडली असती तर बरं झालं असतं. स्टूल उचलून जागेवर ठेवलं आणि आत गेली.

सत्तावीस वर्षं ती फ्रेम तिथे आहे. बाबा तिच्याखाली बसून चहा प्यायचे. तंत्रशाळेचे मुख्याध्यापक एकदा घरी आले होते, त्यांनी तिला हात लावून वाहवा केली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही. शाळेत तुझा डावा हात बाकाला बांधून तुला उजव्यानं लिहायला लावलं होतं, म्हणून बाहेरच्यांना तू डावरी वाटायचीच नाहीस. वर्कशॉपमध्ये तेवढं सगळे तुला डावरी म्हणायचे, कारण चित्र काढताना आणि टूलला धार लावताना तू कोणाचं ऐकलं नाहीस.

मी कपाटातून कागद काढला, गुण्या काढला, आणि पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या रेघा उजवीकडे कलल्या. पेन्सिल डाव्या हातात घेऊन बघितली. कोंबडीनं पाय घासावेत तसं काहीतरी उमटलं.

ते ड्रॉइंग तुझं आहे. वर्षभराचं घरचं काम तूच करून दिलंस, मी म्हणालो म्हणून, शिवणवर्गातून आल्यावर, तो माझ्या नापास होण्याचा प्रश्न होता म्हणून. प्रदर्शनात बक्षीस मिळालं तेव्हा तू टाळ्या वाजवत मागच्या रांगेत उभी होतीस, जिथे बायकांची बसायची सोय होती. मी स्टेजवरून बघितलं होतं. तुझ्या चेहऱ्यावर राग असता तर मी तुला विसरून गेलो असतो. तू खरोखर खूश होतीस. ते मला अजून सलतं.

आणखी एक आहे, ते तुला माहीत नाही. नोंदवहीचं. बाबांचं अक्षर वाईट म्हणून वही मी लिहायचो. तू कायमची कामाला लागलीस त्या दिवशी बाबांनी मला सांगितलं होतं, "हिचं नाव टर्नर म्हणून लिही." मी म्हटलं, बाईला मशीनवर दाखवलं तर इन्स्पेक्टर दंड करील. असा नियम आहे की नाही, मी कधी पाहिलं नव्हतं. आजही पाहिलेलं नाही. बाबा म्हणाले, तू शिकलेला आहेस, तुला जास्त कळतं. आणि मी 'साफसफाई' लिहिलं. मग दर वर्षी पान उलटलं की वरचं बघून खाली उतरवत गेलो, अठरा वेळा.

वहीत आहे तेच लिहिलं, असं मी तुला मागच्या पत्रात ऐटीत कळवलं. वहीत ते आलं कुठून हे कळवायचं राहिलं होतं.

मी का केलं ते विचारू नकोस, सांगतोच. टर्नर मी होतो. घरात एकच टर्नर असावा आणि तो मी असावा, असं मला वाटलं. तुला काम जास्त येतं हे चालण्यासारखं होतं, ते कागदावर नको होतं.

भाऊ

---

२५ जून

ताई,

आज शेवटची तारीख होती. पोस्टावर भरवसा नव्हता म्हणून स्वतः गेलो. एका बगलेत नोंदवही, दुसऱ्या बगलेत फ्रेम, खिशात मेडल. बसमध्ये एका बाईनं विचारलं, आरसा आहे का? मी हो म्हटलं.

तंत्रशाळेच्या कारकुनाला नवा दाखला दिला. 'टर्नर, अठरा वर्षे, स्वतंत्रपणे.' तो शहाणा निघाला. म्हणाला, "नोंदवहीची नक्कल?" मी वही पुढे केली. त्यानं पान बघितलं, दाखला बघितला. "वही म्हणते साफसफाई, तुम्ही म्हणता टर्नर. मी काय धरू?"

मी म्हटलं, वहीतलं अक्षर माझं आहे, खोटंही माझंच आहे.

"असं लिहून द्याल?"

दिलं. तिथेच बाकावर बसून एक पान लिहिलं. फ्रेम टेबलावर ठेवली आणि हेही लिहिलं की यावर नाव माझं आहे आणि काम हिचं आहे, आमच्या घरात ही जुनी पद्धत आहे. रेघा कुठे कलतात ते बोटानं दाखवलं. त्यानं आतून मुख्याध्यापकांना बोलावलं. नवे आहेत, तरुण. ते बराच वेळ फ्रेमवर वाकून होते. मग विचारलं, "आणि परीक्षेचा पेपर? तो तरी तुम्ही दिला होता ना?"

म्हटलं, हो, बेचाळीस टक्के. ते मात्र माझे स्वतःचे.

कारकून दोन्ही अर्ज शेजारी ठेवून म्हणाला, "अहो, हा दुसरा अर्ज तुमचाच ना? स्वतःच्या पायावर धोंडा मारायला एवढ्या लांब आलात?" मेडल त्यांनी ठेवून घेतलं आहे, चौकशी करतील. अर्ज मात्र राहिला, कारण पास तर मी झालोच होतो.

तो मी मागे घेतलेला नाही. मोठं मन वगैरे काही नाही, ताई. मला ती नोकरी हवी आहे. तुझ्यापेक्षा जास्त हवी आहे, कारण मला गरज आहे आणि तुला नुसतं काम येतं. प्रात्यक्षिक परीक्षा सात तारखेला आहे. घोडामैदान जवळच आहे. तू ये आणि मीही येतो.

येताना भाचीच्या शाळेत गेलो. वर्कशॉपच्या अर्जावर सही करून दिली. बाईंनी यादीच्या खाली पेनानं तिचं नाव लिहिलं, छापलेल्या सव्वीस मुलांच्या खाली एकटं. घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, "फ्रेम कुठे गेली?" म्हटलं, आत्याकडे गेली समज. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय. आई म्हणते, तिथे कॅलेंडर लाव.

भाऊ

---

८ जुलै

ताई,

काल आपण चार तास शेजारी उभे होतो आणि तू माझ्याशी चार शब्द बोललीस. 'चकची किल्ली देतोस का?' मोजून चार. मी दिली. तू गेलीस तेव्हा मी हात पुसत होतो, नाहीतर हाक मारणार होतो. म्हणून पुन्हा हा कागद.

सहा उमेदवार, त्यांतले पाच पुरुष. कोपऱ्यातली दोन पोरं तुझ्याकडे बघून हसली ते मी पाहिलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. हसू देत, म्हटलं, जरा हात कापेल. तू पदर खोचलास, टूलची धार बघितलीस, ती पसंत पडली नाही, आणि सहाणेवर जाऊन डाव्या हातानं पुन्हा लावून आलीस. त्यानंतर ती पोरं हसली नाहीत. पुढची पंधरा मिनिटं स्वतःचं काम सोडून तुझंच बघत होती. मीही बघत होतो. मी कुठे नाही म्हणतोय?

काम तुला आठवतंच: तीन पायऱ्यांचा दांडा आणि त्यावर बसणारी कडी. कडी अडकायला नको आणि खुळखुळायलाही नको. मध्येच तू परीक्षकांना काहीतरी विचारलंस आणि बाहेर गेलीस. वर्कशॉपच्या इमारतीत बायकांसाठी बाथरूम अजूनही नाही. मैदान ओलांडून ऑफिसच्या इमारतीत जावं लागलं तुला. जाऊन येऊन अकरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. पहिली पाच मिनिटं मनात म्हणत होतो, बरं झालं, माझी अकरा मिनिटं वाढली. मग तू परत आलीस, पळत नाही, चालत, आणि घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाहीस. तेव्हा मला सत्तावीस वर्षांपूर्वीची ती दारातून परत पाठवलेली मुलगी दिसली. माझा हात तिथेच हलला. दुसऱ्या पायरीवर टूल खोल गेलं. बाथरूमवर ढकलायची सोय नाही आणि लेथवरही नाही. नाचता येईना अंगण वाकडं असं तू म्हणणार नाहीस, पण आई म्हणेल.

चौदा वर्षांनी लेथला हात लावला होता. हँडल जड लागलं. लोखंडाचा कीस कुरळा होऊन निघाला की एक वास येतो, तो मी विसरलो होतो. तासभर मला फार छान वाटलं, हेही लिहून ठेवतो.

शेवटी म्हातारे परीक्षक टेबलावरचे जॉब एकेक करून उचलायला लागले. माझा उचलला. चष्मा वर केला, कडी घातली. थोडी खुळखुळली. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "छान."

मग तुझा घेतला. कडी वर ठेवून सोडून दिली. ती आपली आपण खाली गेली, सावकाश, जिन्यावरून म्हातारं माणूस उतरतं तशी, आणि तळाशी टेकली. त्यांनी ती काढली. दांड्यावर अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. आणि काही न बोलता पुढच्या जॉबकडे वळले.

तू खाली बघून टूल पुसत होतीस. तुझा चेहरा पडला ते मला दिसलं. तुला वाटलं, आवडलं नाही. सेहेचाळीस वर्षांची झालीस, तरी तुला अजून कळत नाही.

निकाल सोमवारी लावणार आहेत. तू सोमवारपर्यंत थांब. मला थांबायची गरज नाही.

जळतोय,
तुझा भाऊ